हेवीवेटच्या निकालावर भांडायचंय? मग आधी वही काढ भो

१९ मे २०२४ ची पहाट, भुसावळ, आमची गच्ची. मे महिना म्हणजे तुम्हाला सांगायला नको, रात्री दोनला पण भिंती चटके देतात, खाली झोपायचा सवालच नाही, म्हणून गाद्या वरच टाकलेल्या अन् मोबाईल पाण्याच्या टाकीला टेकवून आम्ही चौघं हेवीवेट बॉक्सिंगची मॅच बघत होतो, युक्रेनचा उसिक विरुद्ध इंग्लंडचा फ्युरी. रियाधला रात्र, आपल्याकडे पहाट. निकाल लागला, स्प्लिट डिसिजन, म्हणजे तीन जजपैकी दोघं एकाकडे अन् एक दुसऱ्याकडे, उसिक जिंकला, अन् तिथून जे भांडण पेटलं ते खाली दूधवाला येईपर्यंत चाललं. एक म्हणे फ्युरीला लुटलं, दुसरा म्हणे उसिक चार राउंडनी पुढं होता, तिसरा दोघांना शिव्या देत होता, अन् मी काय म्हणत होतो ते मलाच आता आठवत नाही.

काका रावेरकडून एका लग्नासाठी आले होते. आमच्या आरडाओरड्यानं उठून बसले अन् एकच विचारलं, "तो गडी नवव्या राउंडात धडपडला ना, त्याच्या आधी कोण किती पुढं होतं?" चौघं गप्प. "लिहिलं कुठं?" कुठंच नाही. काका म्हणे, "केळीची गाडी बी काट्याच्या चिठ्ठीशिवाय निघत नाही, अन् तुम्ही बिनचिठ्ठीचं भांडता?"

तेव्हापासून मी वही ठेवतो. भांडणं बंद नाही झाली, व्हायला पण नको, पण निदान कशावर भांडतोय ते कळायला लागलं. बॉक्सिंगवाल्यांची भांडणं मुळात दोनच, एक म्हणजे निकाल चुकला का, अन् दुसरं म्हणजे अमक्याची तमक्याशी मॅच होत का नाही, कोण घाबरला. दोन्हीसाठी काय करायचं ते सांगतो, आधी निकालाचं, कारण ते जरा शिकावं लागतं.

वही अन् आवाज

साधी शंभर पानी वही चालते. बारा ओळी, चार रकाने, राउंडचा नंबर, एक बॉक्सर, दुसरा बॉक्सर, अन् चौथा रकाना शेऱ्याचा. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, त्याच्याकडे नंतर येतो. हेवीवेटची टायटल मॅच बारा राउंडची, तीन मिनिटं खेळ अन् एक मिनिट विश्रांती. ते एक मिनिट लिहायचं. चहा करायचा नाही, लघवीला जायचं नाही, आधी आकडा टाकायचा, कारण पुढचा राउंड सुरू झाला की मागचा डोक्यातून पुसला जातो अन् मग मॅच संपल्यावर आपण मागून पुढं हिशोब जुळवत बसतो, जो जिंकावा वाटतो त्याच्याकडून.

रियाध किंवा लंडनची मॅच आपल्याकडे मध्यरात्रीनंतर, पहाटे कधीतरी. लास व्हेगासची असली तर रविवारी सकाळी, म्हणजे कळण्याची भाकरी अन् ठेचा खात आरामात. पहाटेच्या मॅचला आधी दोन तास झोप काढून घ्या, अर्धवट झोपेतलं स्कोरिंग काही कामाचं नाही. माझा मावसभाऊ यावलकडचा, त्याच्या शेतात ज्या आठवड्यात लाइट रात्रीची असते तेव्हा तो मोटर चालू करून बांधावर बसून मॅच बघतो अन् त्याच्या वहीत आठव्या राउंडपुढं हमखास "पाइप निसटला" असं लिहिलेलं असतं, तो राउंड तो मोजतच नाही. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. जो राउंड बघितला नाही तो रिकामा सोडा.

अन् आवाज बंद. हे ऐकून लोकं हसतात पण हीच खरी पायरी आहे. कॉमेंटेटरला बोलायचे पैसे मिळतात, तो एका बॉक्सरची स्टोरी धरून बसलेला असतो, अन् त्याचा एक "ओहो" तुमच्या डोक्यात ठोसा लागल्याचं चित्र तयार करतो, जरी तो ठोसा कोपरावर आदळलेला असला तरी. पब्लिकचं पण तेच. घरच्या पोरानं हवेत हात फिरवला तरी स्टेडियम ओरडतं. आवाज चालू ठेवून एकदा अन् बंद ठेवून एकदा तीच मॅच बघा, दोनतीन राउंड तरी उलटे पडतील, माझे पडले.

काय मोजायचं

पद्धत अशी की राउंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९. एकदा खाली पडला, म्हणजे नॉकडाउन, तर साधारण १०-८, दोनदा पडला तर १०-७. रेफरीनं फाउलसाठी पॉइंट कापला तर तो वेगळा वजा. १०-१० देता येतं पण जजना ते देऊ नका असंच सांगितलेलं असतं, काहीतरी फरक शोधा म्हणतात.

फरक शोधायचे चार निकष. स्वच्छ ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवर ताबा, अन् बचाव. हे चारही सारखे नाहीत हे लक्षात घ्या. पहिला निकष जेवण, बाकीचे तीन लोणचं-पापड. ठोशांवर फरक कळत असेल तर पुढं जायचंच नाही.

आता स्वच्छ ठोसा म्हणजे काय. ग्लोव्हचा बोटांच्या सांध्यांकडचा भाग, समोरच्याच्या चेहऱ्याच्या पुढच्या नाहीतर बाजूच्या भागावर, किंवा पट्ट्याच्या वरच्या अंगावर, मधे हात न येता लागला पाहिजे. दंडावर लागलेला नाही. ग्लोव्हवर लागलेला नाही. डोक्याच्या मागं लागलेला तर फाउलच. हे ओळखायची एक युक्ती सांगतो, मारणाऱ्याकडे बघू नका, खाणाऱ्याकडे बघा. सगळ्यांची नजर मारणाऱ्यावर असते कारण हालचाल तिथं असते, पण हिशोब खाणाऱ्याच्या मानेत असतो. ठोसा खरा लागला की हनुवटी आधी सरकते अन् मग घामाचा फवारा उडतो, पाय क्षणभर चिकटतात. नुसता ग्लोव्हवर आदळला तर आवाज मोठा येतो, फट्ट करून, पण मान हलत नाही, उलट तो लगेच परत मारायच्या तयारीत असतो. मी पहिले सहा महिने आवाजावरच मार्क देत होतो.

परिणामकारक आक्रमणात "परिणामकारक" हा शब्द लोकं विसरतात. पुढं पुढं चालत जाणं म्हणजे आक्रमण नाही, पुढं जाताना दर पावलाला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, तोंडावर खात असाल तर तुम्ही आक्रमक नाही, गिऱ्हाईक आहात. रिंगवर ताबा म्हणजे मॅच कोणाच्या मनासारखी चाललीय, कोणाच्या अंतरावरून. अन् बचाव शेवटचा, कारण नुसता चुकवत राहिला अन् मारलंच नाही तर राउंड जिंकता येत नाही.

जाता जाता, आपल्या भाषेत एक गंमत आहे, निकाल देणारा पण पंच अन् मारलेला ठोसा पण पंच, त्यामुळे आमच्या काकांना बराच वेळ वाटत होतं की "पंच चुकला" म्हणजे आम्ही एकाच माणसाला शिव्या देतोय. ते स्वतः जत्रेच्या दंगलीत पंच म्हणून उभे राहायचे. मातीतल्या कुस्तीत त्यांचं काम सोपं होतं, पाठ लागली की विषय संपला, नाही लागली तर दोघांचे हात वर करून बरोबरीत सोडायची अन् इनाम अर्धं अर्धं. बॉक्सिंगमध्ये पाठ न लागता छत्तीस मिनिटांचा निकाल द्यायचा असतो, म्हणून हा सगळा ताप.

एक सापळा अजून. राउंडच्या शेवटी दहा सेकंद राहिले की लाकडी ठोकळ्याचा टकटक आवाज येतो. हुशार बॉक्सर तो आवाज ऐकून तुटून पडतात, कारण माणसाच्या लक्षात शेवटचं राहतं. तुम्ही आवाज बंद ठेवला असेल तर घड्याळाकडे बघा. अडीच मिनिटं एकानं मारलं अन् शेवटची वीस सेकंद दुसऱ्यानं, तर राउंड पहिल्याचाच. यासाठी मी प्रत्येक मिनिटाला शेऱ्यात एक खूण करतो, उ किंवा फ, तीन खुणांत दोन ज्याच्या त्याला बहुतेक वेळा राउंड.

चौथा रकाना

राउंड संपला की १०-९ टाका, अन् मग स्वतःला विचारा, माझ्या शेजारच्यानं हा राउंड उलटा दिला तर मी त्याला वेडा म्हणेन का? म्हणणार असाल तर काही लिहू नका. नसाल म्हणणार, तर शेऱ्यात प्रश्नचिन्ह टाका. बस एवढंच. पण ही प्रश्नचिन्हंच शेवटी भांडण मिटवतात किंवा पेटवतात.

समजा मॅच संपली अन् तुमच्या वहीत पाच राउंड पक्के उसिकचे, चार पक्के फ्युरीचे, तीन प्रश्नचिन्हाचे. तिन्ही उसिकला दिले तर ८-४, म्हणजे ११६-११२. तिन्ही फ्युरीला दिले तर ५-७, म्हणजे फ्युरी ११५-११३. एक उसिकला अन् दोन फ्युरीला दिले तर ६-६, म्हणजे ११४-११४. आता जजचं कार्ड, म्हणजे त्याच्या मार्कांची बेरीज, या टोकांच्या आत कुठंही पडलं तर तुम्हाला निकाल आवडला नाही असं म्हणा, खुशाल म्हणा, पण "लुटलं" म्हणायचं नाही. कार्ड या टोकांच्या बाहेर गेलं तर मग ओरडा, मी पण येतो ओरडायला.

आकडे पाठ करून ठेवा, पाडे केले तसे. कोणी पडलं नाही, पॉइंट कापला नाही, तर ७-५ म्हणजे ११५-११३, ८-४ म्हणजे ११६-११२, ९-३ म्हणजे ११७-१११, १०-२ म्हणजे ११८-११०. दोघांची बेरीज नेहमी २२८. बेरीज २२७ आली म्हणजे एक नॉकडाउन किंवा पॉइंट कापलाय, २२९ आली म्हणजे कोणीतरी १०-१० दिलाय. एवढ्यावरून नुसतं कार्ड बघून मॅच वाचता येते.

वाचून दाखवतो. त्या पहाटेची तीन कार्डं होती ११५-११२ उसिक, ११४-११३ उसिक, अन् ११४-११३ फ्युरी. बेरीज तिन्हीकडे २२७, कारण नवव्या राउंडात फ्युरी रिंगच्या दोरांवर, म्हणजे रोपवरून रोपवर, आदळत गेला अन् रेफरी मार्क नेल्सननं त्याला उभ्या उभ्याच आठपर्यंत मोजलं, रोप नसते तर पडलाच असता म्हणून तो नॉकडाउन. आता मधलं कार्ड बघा, ११४-११३ उसिक. यात राउंड ६-६ आहेत! एका पॉइंटचा फरक फक्त त्या मोजण्यामुळे आलाय. नेल्सननं मोजलं नसतं अन् तो राउंड साधा १०-९ झाला असता तर पहिलं कार्ड ११५-११३ उसिक, दुसरं ११४-११४, तिसरं ११५-११३ फ्युरी, म्हणजे मॅच ड्रॉ. चार बेल्टच्या जमान्यातला पहिला निर्विवाद हेवीवेट चॅम्पियन, म्हणजे चार संघटनांचे चारही बेल्ट एकाकडे, अन् १९९९ मध्ये लेनॉक्स लुईस झाल्यावर थेट २०२४ मध्ये, तो त्या आठ आकड्यांवर ठरला. आम्ही गच्चीवर या एका गोष्टीवर भांडायला पाहिजे होतं, बाकी सगळं फुकट होतं.

ड्रॉ झाला म्हणजे चोरी झाली?

१ डिसेंबर २०१८, लॉस एंजेलिस, अमेरिकेचा वाइल्डर विरुद्ध फ्युरी, त्यांची पहिली मॅच. आपल्याकडे रविवार सकाळ. नवव्या अन् बाराव्या राउंडात फ्युरी पडला, बाराव्यात तर असा आडवा झाला की आमच्याकडे एकजण "गेला" म्हणून उठून पण गेला, अन् तो नऊला उभा राहिला. कार्डं, ११५-१११ वाइल्डर, ११४-११२ फ्युरी, ११३-११३. दोन नॉकडाउन म्हणून बेरीज २२६. आता ११३-११३ मध्ये राउंड किती? सात फ्युरीचे, पाच वाइल्डरचे, अन् त्या पाचातले दोन १०-८. म्हणजे त्या जजच्या मते फ्युरीनं मॅच बॉक्स केली अन् वाइल्डरनं दोन हातोडे मारून ती परत ओढली, हे पटण्यासारखं आहे. ११४-११२ म्हणजे फ्युरीचे आठ, तेही चालतं. पण ११५-१११ म्हणजे वाइल्डरचे सात राउंड, दोन नॉकडाउन सोडून अजून पाच! ते पाच कुठले ते मी वही घेऊन तीनदा शोधले, मला नाही सापडले. तर इथं ड्रॉ चोरी नाही, ते एक कार्ड वाईट. हे दोन वेगळे आरोप आहेत अन् ते वेगळेच ठेवायचे.

खरी वाईट केस बघायची तर १३ मार्च १९९९, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, लुईस विरुद्ध होलीफील्ड. मशीनवर मोजणाऱ्यांच्या हिशोबानं लुईसचे ठोसे लागले ३४८, होलीफील्डचे १३०. निकाल ड्रॉ. एका कार्डावर ११६-११३ लुईस, एकावर ११५-११५, अन् जज युजेनिया विल्यम्सचं ११५-११३ होलीफील्ड. बेरीज करा, २२९, २३०, २२८, म्हणजे एकानं एक राउंड बरोबरीत सोडला, दुसऱ्यानं दोन. सगळी बोंब मात्र विल्यम्सच्या पाचव्या राउंडवर, ज्यात लुईस होलीफील्डला रोपला लावून बडवत होता अन् तिनं तो होलीफील्डला दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परत मॅच झाली अन् लुईस जिंकला. इथं प्रश्नचिन्हं सगळी होलीफील्डला दिली तरी सात राउंड होत नाहीत. याला लूट म्हणायचं.

पण ३४८ अन् १३० वर एकदम उडी मारू नका. ते आकडे माणसंच बटन दाबून मोजतात, एका बॉक्सरवर एकजण असं, चुका होतात. अन् एकूण आकड्याला राउंड कळत नाही. एका राउंडात पन्नास मारले अन् पुढच्या तीनात दोन-दोननं मागं राहिले तर एकूणात पुढं, कार्डावर मागं.

याचं आपल्या घरचं उदाहरण मेरी कोमचं. टोकियो ऑलिंपिक, २९ जुलै २०२१, समोर कोलंबियाची इंग्रिट व्हॅलेन्सिया. तीन राउंड, पाच जज. पहिला राउंड ४-१ व्हॅलेन्सियाला, दुसरा अन् तिसरा ३-२ नं मेरीला. सगळी आळी म्हणत होती तीनातले दोन जिंकली मग हरली कशी? कारण राउंडचं बहुमत मोजतच नाहीत. प्रत्येक जज आपली आपली बेरीज करतो अन् मग पाच बेरजांचं बहुमत बघतात. तीन जजच्या बेरजेत व्हॅलेन्सिया पुढं होती, संपलं. मेरीला स्वतःला पण आधी वाटलं ती जिंकली. व्यावसायिक मॅचला पण हाच नियम, तीन जज, तीन वेगवेगळ्या वह्या.

जजची बाजू पण थोडी समजून घ्या. ते तिघं रिंगच्या तीन बाजूंना बसतात, त्यामुळे बॉक्सरची पाठ मधे आली की ठोसा लागला का नाही ते एकाला दिसतं, दुसऱ्याला नाही. रिप्ले नाही, आकडे नाहीत. राउंड संपला की चिठ्ठी भरून द्यायची, ती परत मागता येत नाही. काकांना हे ऐकून फार बरं वाटलं, "बघा, चिठ्ठी!"

आता दुसरं भांडण, मॅच होत का नाही

इथं वहीपेक्षा थंड डोकं लागतं. आमच्याकडे बैलबाजारात जुने दलाल रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करायचे. वर तोंडानं "नाही परवडत, घेऊन जा तुझा बैल" अन् खाली बोटं वेगळंच बोलतायत. हेवीवेटचा सौदा डिट्टो असाच. बॉक्सर मोबाईल समोर धरून जे ओरडतो ते वरचं तोंड. तुम्हाला रुमालाखालचं बघायचंय.

पहिला प्रश्न, ही मॅच सक्तीची आहे का मर्जीची? बेल्ट देणाऱ्या मुख्य संघटना चार, डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ. प्रत्येकीचा एक सक्तीचा आव्हानवीर असतो, ज्याच्याशी चॅम्पियनला ठरावीक काळात लढावंच लागतं. दोन्ही बाजूंचं मुदतीत जमलं नाही तर लिलाव होतो, त्याला पर्स बिड म्हणतात. प्रमोटर, म्हणजे मॅच भरवणारे, बंद पाकिटात बोली टाकतात, सगळ्यात मोठी बोली जिंकते.

एक हिशोब करून दाखवतो म्हणजे कायमचं डोक्यात बसेल. फ्युरी विरुद्ध डिलियन व्हाइट, जानेवारी २०२२ चा लिलाव, फ्युरीचा प्रमोटर फ्रँक वॉरेननं जिंकला, बोली ४,१०,२५,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं ३०० कोटी रुपयांच्या आसपास. यातले १० टक्के मॅच जिंकणाऱ्याचे म्हणून बाजूला, ४१,०२,५०० डॉलर. राहिले ३,६९,२२,५००. त्याची वाटणी ८०-२०. फ्युरीला २,९५,३८,०००, व्हाइटला ७३,८४,५००. फ्युरी २३ एप्रिलला लंडनच्या वेम्बलीवर सहाव्या राउंडात जिंकला, म्हणजे ते १० टक्के पण त्यालाच. आता कोणी म्हटलं व्हाइटची बाजू जास्त का मागत होती, तर हे बघा, वीस टक्के अन् चाळीस टक्क्यात ७० लाखांहून जास्त डॉलरचा फरक आहे भाऊ, तुम्ही सोडाल का?

दुसरा प्रश्न, रीमॅच, म्हणजे त्याच दोघांची परत मॅच, मागायचा हक्क कोणाला? लोकं टक्केवारीवर भांडतात अन् सौदे मोडतात रीमॅचवर. २०२३ च्या मार्चमध्ये फ्युरीनं उसिकला सांगितलं, ७०-३०, घ्यायचं तर घे. सगळ्यांना वाटलं उसिक नाही म्हणेल. तो म्हणाला ठीक, पण दहा लाख पाउंड युक्रेनला दे. म्हणजे पैशाचा प्रश्न मिटला. तरी २९ एप्रिलची वेम्बलीची मॅच मोडली, रीमॅचच्या अटींवरून. कारण साधं आहे, रीमॅचची अट म्हणजे हरणाऱ्याचा विमा, अन् प्रत्येकाला विमा आपल्या नावावर पाहिजे.

त्याच्याही आधीचं फ्युरी अन् इंग्लंडचाच अँथनी जोशुआ यांचं आठवा. २०२१ च्या मे महिन्यात फ्युरीनं स्वतः सांगितलं, १४ ऑगस्ट, सौदी, फिक्स. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेत लवादाचा निकाल आला की वाइल्डरचा तिसऱ्या मॅचचा हक्क अजून जिवंत आहे. संपली मॅच. फ्युरी वाइल्डरशी लढला, जोशुआ सप्टेंबरमध्ये उसिककडून हरला, अन् ज्या मॅचसाठी लोकांनी गावभर पैजा लावल्या होत्या तिची हवाच गेली. म्हणून तिसरा प्रश्न, आधीचा करार कोणाशी बाकी आहे? आपल्याकडे जमीन घेताना सातबाऱ्यावर बोजा बघतात ना, तसं.

चौथा, बेल्ट सोडायची तयारी आहे का? फ्युरीनं २८ नोव्हेंबर २०१५ ला तेव्हाचा चॅम्पियन क्लिच्कोला हरवलं अन् दोन आठवड्यांच्या आत आयबीएफनं त्याचा बेल्ट काढून घेतला, कारण तो त्यांच्या आव्हानवीराऐवजी क्लिच्कोशी रीमॅच करणार होता. तेव्हाचा चॅम्पियन रिडिक बो यानं १९९२ मध्ये लुईसशी लढायच्या ऐवजी डब्ल्यूबीसीचा बेल्ट सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकला, कॅमेऱ्यासमोर. त्याला घाबरट म्हणायचं का? मी म्हणतो. मोठा भाऊ म्हणतो धंद्याचा निर्णय. यावर आमचं बारा वर्षं एकमत नाही अन् इथं कुठली वही कामाला येत नाही.

टीव्ही कोणाचा, हे पूर्वी फार आडवं यायचं. लुईस एका चॅनलचा, टायसन दुसऱ्याचा, म्हणून २००२ ची त्यांची मॅच एचबीओ अन् शोटाइमला मिळून दाखवावी लागली. आता सौदीचा पैसा आल्यावर बऱ्याच गाठी पैशानंच सुटतात, चांगलं की वाईट तो वेगळा विषय.

अन् सगळं जमलं तरी शरीर आहे. उसिक-फ्युरी १७ फेब्रुवारी २०२४ ला ठरलेली, सरावात फ्युरीच्या डोळ्यावर कापलं अन् मॅच मेमध्ये गेली. आमच्या दोस्तानं "बघा, पळाला" म्हणून शंभर रुपयांची पैज लावली अन् हरला, शेवभाजीचे पैसे त्यानं दिले.

तर बातमी आली की मी आता एवढंच बघतो, तारीख आहे का, जागा आहे का, अन् प्रमोटर सोडून दुसऱ्या बाजूचा कोणी तेच बोलतोय का. तीनातलं एक जरी नसेल तर ते रुमालाच्या वरचं बोलणं, त्यावर चहासुद्धा पैजेला लावायचा नाही. "तोंडी ठरलंय" याला काडीची किंमत नाही. "सही झाली" याला थोडी आहे.

२१ डिसेंबरची रात्र

उसिक-फ्युरी दुसरी मॅच, यावेळी थंडी, गच्चीवर गोधड्या अन् चार वह्या. आवाज बंद. पहिले दोन राउंड सगळे शहाण्यासारखे लिहीत होते, कोणी कोणाच्या वहीत डोकावत पण नव्हतं. निकाल आला, तिन्ही जज ११६-११२ उसिक. त्या रात्री कॉम्प्युटरचं पण एक कार्ड होतं, प्रयोग म्हणून, निकालात न धरलेलं, ते ११८-११२ उसिक, म्हणजे त्यानं दोन राउंड बरोबरीत सोडले, माणसापेक्षा लाजाळू निघाला. माझं ११५-११३ उसिक, तीन प्रश्नचिन्हं. भावाचं ११६-११२. मावसभावाचं अकरा राउंडांचं, कारण पाइप.

चौथा दोस्त तावातावानं बोलत होता की फ्युरीला परत लुटलं, सरळ सरळ लुटलं, त्याच्या हिशोबानं फ्युरी तीन राउंडनी पुढं. काकांना सकाळी फोन लावला तर ते म्हणे वही वाचून दाखवा. भावानं दोस्ताच्या गोधडीखालून वही ओढली. पाचव्या राउंडपर्यंत आकडे सुंदर अक्षरात, सहाव्यासमोर पेनाची एक लांब रेघ पानाच्या खालपर्यंत ओघळत गेलेली, अन् पुढं सगळं कोरं.